मॉरिस पाच टक्के, एसेक्स पंधरा टक्के : शेजारच्या काउंटीची गरिबी नेमकी कुणाची?

ओसरी

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकीला गेले होते. आम्ही न्यू जर्सीत, मॉरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) राहतो, अठरा वर्षं झाली. विषय होता गावात बांधायच्या परवडणाऱ्या घरांचा. एक गृहस्थ माइकपाशी आले, हातात जनगणना खात्याच्या आकड्यांचा कागद, आणि म्हणाले, "आपल्या काउंटीत गरिबी पाच टक्के, शेजारच्या एसेक्समध्ये पंधरा. प्रश्न त्यांचा आहे, आपला नाही. घरं तिकडे बांधा." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपली मराठी माणसंही होती, गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारी. मला उठून बोलता आलं नाही, आणि ते तेव्हापासून मनात सलतंय. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आकडे खोटे नाहीत, हे आधीच सांगते. मॉरिसच्या कडेने सात काउंट्या आहेत: ससेक्स, पॅसेइक, एसेक्स, युनियन, सॉमरसेट, हंटरडन, वॉरन. हंटरडन, सॉमरसेट आणि ससेक्स साधारण आमच्यासारख्याच, चार ते सहा टक्क्यांच्या घरात. वॉरन आणि युनियन त्याच्या वर. पॅसेइक बरीच वर, आणि एसेक्स सगळ्यांत वर, पंधराच्या आसपास. नकाशावर रंग भरले तर पश्चिमेकडे फिकट आणि पूर्वेकडे गडद होत जातं. मधली रेघ आमच्या काउंटीच्या पूर्वेच्या सीमेवरून जाते.

ही रेघ बघायची असेल तर रेल्वेत बसा. लाइनचं नावच आहे मॉरिस अँड एसेक्स. मॉरिसटाउनहून निघालं की मॅडिसन, चॅटम, समिट, मग शॉर्ट हिल्स, मिलबर्न, मेपलवुड, साउथ ऑरेंज, ऑरेंज, ईस्ट ऑरेंज आणि न्यूअर्क. शॉर्ट हिल्सला खिडकीतून घरं धड दिसतही नाहीत, झाडांआड असतात. थोड्याच वेळात ऑरेंज येतं. तिथे तीनमजली लाकडी घरं एकमेकांना खेटून उभी, जिन्याच्या कठड्यावर कपडे वाळत घातलेले, एका दारावर पाच-सहा घंट्या. शॉर्ट हिल्स आणि ऑरेंज दोन्ही एसेक्समध्येच आहेत बरं. म्हणजे 'एसेक्स पंधरा टक्के' हा आकडा एसेक्समधल्या कुठल्याच गावाचा नाही. गर्भश्रीमंत मिलबर्न-लिव्हिंग्स्टन आणि न्यूअर्क-अर्व्हिंग्टन यांची ती सरासरी आहे.

आता याच लाइनवर सकाळी उलट्या दिशेने येणारी गाडी बघा. सव्वासात-साडेसातला मॉरिसटाउनला बायका उतरतात. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात कामाचे बूट आणि डबा. आमच्याकडे पंधरा दिवसांनी साफसफाईला येणाऱ्या बाई त्यांतल्याच. राहतात ईस्ट ऑरेंजमध्ये. कामं सगळी मॉरिसमध्ये: दोन घरं, एक दातांचा दवाखाना, संध्याकाळी एका ऑफिसातले टॉयलेट. दिवसभर आमच्या काउंटीत राबतात आणि रात्री एसेक्समध्ये मोजल्या जातात. त्यांच्या कष्टाने आमची काउंटी चकाचक राहते. त्यांची तुटपुंजी मिळकत मात्र शेजारच्या काउंटीच्या नावावर लागते.

मला म्हणायचंय ते एवढंच: आमचे पाच टक्के म्हणजे आम्ही गरिबी कमी केली असं नाही. गरीब माणसाला इथे राहायला जागाच ठेवली नाही.

यावर इथल्या जाणत्या लोकांचं मत हवंय. विशेषतः आकड्यांत काम करणाऱ्यांचं.

पिंपळपान

ओसरी, चांगला विषय घेतलात. माझं कामच या आकड्यांशी असल्याने थोडं तांत्रिक लिहितो.

काउंटीचा गरिबीचा दर साधारण दोन ठिकाणांहून येतो. एक अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, ही जनगणना खात्याची पाहणी. त्याचे एका वर्षाचे आकडे फक्त ६५ हजारांहून जास्त वस्तीच्या भागांसाठी मिळतात. त्याहून लहान भागांसाठी पाच वर्षांची सरासरी घ्यावी लागते. दुसरं म्हणजे जनगणना खातं दरवर्षी सगळ्या काउंट्यांसाठी आणि शाळा-जिल्ह्यांसाठी (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांसाठी) काढतं ते अंदाज. गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा पैसा वाटताना हेच अंदाज वापरतात. दोन्हींत आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ती मर्यादा दिलेली असते, पण ती कुणी वाचत नाही. मॉरिस पाच आणि सॉमरसेट साडेपाच, म्हणून मॉरिस पुढे, असं म्हणणं चूक. पाच आणि पंधरा हा फरक मात्र कुठल्याही मर्यादेत बसवला तरी उरतोच.

दुसरी गोष्ट, कोण मोजलं जातं. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी आणि तुरुंगातले कैदी या हिशोबात धरतच नाहीत. वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी मात्र धरतात, आणि त्यांची मिळकत नगण्य असल्याने ते गरीब ठरतात. ओहायोतली अथेन्स काउंटी त्या राज्यातल्या सर्वांत गरीब काउंट्यांत दिसते, त्यात ओहायो युनिव्हर्सिटीच्या पोरांचा वाटा मोठा आहे. तिथली खरी गरिबी त्याने खोटी ठरत नाही, अ‍ॅपलेशियाच्या गरीब डोंगरपट्ट्याचा भाग आहे तो. पण शेजाऱ्याशी तुलना करताना हे बाजूला काढावं लागतं. न्यूअर्कमध्येही रटगर्स आणि एनजेआयटी ही विद्यापीठं आहेत. पण आठ लाखांहून मोठ्या काउंटीत त्याने पंधराचे पाच होत नाहीत.

आणि मुळात ती दारिद्र्यरेषा. १९६३-६४ च्या सुमारास सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी ती आखली. १९५५ च्या पाहणीत कुटुंबाच्या मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जातो असं दिसलं होतं. म्हणून अगदी काटकसरीच्या शिध्याचा खर्च गुणिले तीन. तेव्हापासून महागाईप्रमाणे ती फक्त वाढवत नेली. घरभाडं, पाळणाघर, औषधोपचार यांचा आजचा भार त्या गुणिले तीनमध्ये कुठेच नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मिसिसिपी डेल्टातल्या खेड्याला आणि मॉरिसटाउनला रेषा एकच.

भाड्याचा हिशोब धरणारं एक पूरक मोजमाप २०११ पासून निघतं. पण ते मुख्यतः देश आणि राज्यांच्या पातळीवर वापरतात. बैठकीत कागद फडकवणाऱ्यांच्या हाती ते नसतं.

जोंधळा

पिंपळपान यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून एक गणित. २०२५ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही सुट्टी न घेता: ३२,२१९ डॉलर. सरकारी मदतीसाठी लावतात ती चौघांच्या कुटुंबाची २०२५ ची रेषा: ३२,१५० डॉलर.

म्हणजे नवरा वर्षभर एकही दिवस आजारी न पडता राबला, बायको दोन मुलांना घेऊन घरी, तर ते कुटुंब रेषेच्या ६९ डॉलर वर. कागदोपत्री गरीब नाही. मॉरिसमध्ये दोन खोल्यांचं भाडं भरून त्यांच्या हातात काय उरत असेल, ते ज्याने त्याने मनाशी मोजावं.

मी दर शनिवारी एका फूड पँट्रीत (गरजूंना मोफत शिधा देतात तिथे) मदतीला जाते, याच काउंटीत. सकाळी नऊला दार उघडतं, आठपासून रांग. तांदूळ, डबाबंद राजमा, डायपर, शनिवारी आली असतील तर अंडी. अंडी संपली की ज्यांचा नंबर उशिरा लागतो त्या बायका काही बोलत नाहीत, नुसती पिशवी मिटतात. रांगेतले बहुतेक जण कामावर जाणारे. एकजण हॉस्पिटलचा गणवेश घालूनच आला होता, रात्रपाळी संपवून. हे लोक त्या पाच टक्क्यांत नाहीतही कदाचित.

ओसरी

जोंधळा, अंगावर काटा आला वाचून. ६९ डॉलर!

शिवाय पाच टक्के म्हणजे किती माणसं, हेही कुणी विचारत नाही. मॉरिसची वस्ती पाच लाखांच्या वर. पाच टक्के म्हणजे पंचवीस हजार जीव. आमच्याच काउंटीतलं अख्खं डोव्हर गाव अठरा हजारांचं आहे.

मुक्कामपोस्ट_जर्सी

धागा वाचला. मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, ते मोकळेपणाने सांगतो. ओसरीताई, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच.

एच-वन व्हिसावर अमेरिकेत आलो तेव्हा जर्सी सिटीत तिघांत एक खोली होती. बारा वर्षं पैसे साठवून या काउंटीत घर घेतलं, फक्त शाळांसाठी. वर्षाला चौदा हजार डॉलर प्रॉपर्टी टॅक्स भरतो. त्यातला निम्म्याहून जास्त शाळेला जातो. आता तीनशे घरं येणार म्हणतात. मुलं वाढणार, वर्ग भरणार, टॅक्स वाढणार. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. मला एवढंच कळत नाही की एसेक्सच्या अडचणीची जबाबदारी माझ्या गावाने का घ्यायची? आम्ही तर ती निर्माण केली नाही. आम्ही या गावात आलोच २००८ ला.

खानदेशी

मी अमेरिकेत नाही, धुळ्याचा आहे, पण सीमेच्या मुद्द्यावर राहवलं नाही.

१ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, सातपुड्याचा बराचसा आदिवासी पट्टा तिकडे गेला. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचे आकडे काढले, त्यात नंदुरबारचे निम्म्याहून जास्त लोक गरीब निघाले, राज्यात सर्वांत जास्त. धुळे त्याच्या बऱ्याच खाली. पण १९९८ च्या आधी हे सगळं एकाच जिल्ह्याचं होतं. ३० जूनला जो धडगावचा माणूस धुळ्याच्या सरासरीत होता, तो १ जुलैला नाही. त्याच्या ताटात भाकरी होती तेवढीच राहिली.

वेगळा जिल्हा झाला ते बरंच झालं, नाहीतर तिथली स्थिती धुळ्याच्या आकड्यात बुडून गेली असती. पण धुळ्याने 'आमचं कमी झालं' म्हणून पाठ थोपटून घ्यावी, असं त्यात काही नाही.

पिंपळपान

खानदेशी, अगदी हेच इथेही झालंय. युनियन काउंटी १८५७ पर्यंत एसेक्सचाच भाग होती. पॅसेइक १८३७ मध्ये बर्गन आणि एसेक्स यांचे तुकडे जोडून झाली. या रेघा कुणी गरिबी मोजायला आखल्या नव्हत्या.

रानवारा

व्हर्जिनियातून लिहितेय. आमच्याकडे याचं टोक आहे. इथे ३८ शहरं अशी की ती कुठल्याच काउंटीत येत नाहीत. रिचमंड शहर वेगळं आणि त्याला तीन बाजूंनी वेढून असलेली हेनरायको काउंटी वेगळी. दोन्हींची तुलना लोक करतात तेव्हा ते खरं तर शहराचा गाभा आणि त्याची उपनगरं यांची तुलना करत असतात. शॉर्ट पंपकडे राहणारी आपली सगळी मंडळी स्वतःला रिचमंडची म्हणवतात, आकडे मात्र हेनरायकोचे सांगतात.

ओसरी

मुक्कामपोस्ट_जर्सी, तुम्ही मनातलं बोललात हे फार बरं केलंत. बैठकीत बरेच जण हेच मनात धरून होते, बोलले मात्र ट्रॅफिक आणि ड्रेनेजबद्दल. थोडं लांबेल, पण उत्तर देते.

"आम्ही निर्माण केली नाही" हे तुमच्या-माझ्यापुरतं खरं आहे. पण गावांचा त्यात हात होता, आणि ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलंय. १९५०-६० च्या दशकांत या गावांनी झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणारे, नियम केले: कमीत कमी एक एकर, कुठे त्याहूनही मोठा प्लॉट, अपार्टमेंटला बंदी, घराचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं. कुठेही 'गरिबांना मनाई' असं लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नव्हती. त्याच काळात हायवे झाले आणि गोरी कुटुंबं न्यूअर्क सोडून इकडे आली. काळ्या कुटुंबांना ना कर्ज मिळालं ना घर. कारखानेही शहरातून गेले. जुलै १९६७ मध्ये न्यूअर्क पेटलं, २६ माणसं मेली. त्यानंतर शहर सोडून जाण्याचा वेग आणखी वाढला.

१९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल या गावाच्या खटल्यात सांगितलं की वाढत्या गावाने झोनिंगच्या जोरावर कमी मिळकतीच्या लोकांना बाहेर ठेवणं हे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. अशा प्रत्येक गावाने आपल्या भागाच्या गरजेतला न्याय्य वाटा उचलायचा. 'आपल्या भागाच्या', हे शब्द महत्त्वाचे. कोर्टाने काउंटीची रेघ मानलीच नाही. आणि १९७८ मध्ये राज्याच्या पब्लिक अ‍ॅडव्होकेट खात्याने (लोकांच्या वतीने खटले लढणाऱ्या) आणि स्थानिक संघटनांनी खटला भरला, तो कुणावर? याच आमच्या मॉरिस काउंटीतल्या २७ गावांवर.

पुढे १९८३ चा दुसरा, जास्त कडक निकाल, मग १९८५ चा कायदा. त्या कायद्यात एक पळवाट होती. श्रीमंत गावाने आपल्या वाट्यातली निम्म्यापर्यंत घरं पैसे देऊन दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालायची. साहजिकच ती आधीच गरीब असलेल्या शहरांकडे जायची. ही पद्धत २००८ पर्यंत चालू होती, मग रद्द केली. परवाचे ते गृहस्थ "घरं तिकडे बांधा" म्हणत होते ना, ते तेवीस वर्षं खरंच कायदेशीर होतं. एसेक्सच्या पंधरात त्याचाही हात आहे.

शाळांचं म्हणाल तर, १९७१ मध्ये मॉरिस टाउनशिपला आपली मुलं मॉरिसटाउनच्या हायस्कूलमधून काढून स्वतःची वेगळी शाळा करायची होती. मॉरिसटाउनमध्ये काळी आणि गरीब मुलं जास्त होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षण आयुक्तांना दोन्ही शाळा-जिल्हे एकत्र करायचा अधिकार आहे. एकत्र केले. तेव्हाही लोक म्हणाले, शाळा बुडेल, घरांच्या किमती पडतील. आज पन्नास वर्षांनी तो शाळा-जिल्हा उभा आहे, आणि मॉरिस टाउनशिपमधलं घर घ्यायला किती पैसे लागतात ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. आमची मोठी मुलगी त्याच हायस्कूलमधून शिकली. ती स्पॅनिश अस्खलित बोलते ते शिकवणीमुळे नव्हे, मैत्रिणींमुळे.

पिंपळपान

शाळांबद्दल एक पुरवणी. अ‍ॅबट विरुद्ध बर्क या खटल्यांमुळे राज्याला ज्या ३१ गरीब शाळा-जिल्ह्यांना जास्तीचा पैसा द्यावा लागला, त्यांत एसेक्समधले चार होते: न्यूअर्क, ईस्ट ऑरेंज, ऑरेंज, अर्व्हिंग्टन. मॉरिसमधला एकही नव्हता. हा पैसा राज्याच्या तिजोरीतून गेला, म्हणजे मॉरिसच्या करदात्यानेही तो भरलाच. गरीब एकाच जागी कोंडून ठेवले तरी खर्च चुकत नाही, हे मुक्कामपोस्ट यांनी हिशोबात धरावं.

जोंधळा

आणखी एक. ज्यांना 'आपल्या लोकांत हा प्रश्नच नाही' असं वाटतं त्यांच्यासाठी. अधिकृत गरिबी कुटुंबाच्या एकूण मिळकतीवर ठरते. मुलाकडे राहणारे आई-वडील मुलाच्या पगारात झाकले जातात. आमच्या ओळखीतल्या एक काकू, सत्तरी पार. नवरा गेला, मग मुलाशी पटेना म्हणून वेगळ्या खोलीत राहायला लागल्या. स्वतःचं सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) नाही, कारण त्यासाठी साधारण दहा वर्षांचं नोंदलेलं काम लागतं आणि त्यांनी नातवंडं सांभाळली, ते कुठे नोंदलं जात नाही. एका रात्रीत त्या कागदोपत्रीही गरीब झाल्या. परवडणाऱ्या घरांच्या यादीत त्यांचं नाव आहे, चार वर्षं झाली.

'अ‍ॅलिस' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. काम करतात, रेषेच्या वर आहेत, पण महिन्याचा खर्च भागत नाही अशी कुटुंबं. आज बऱ्याच राज्यांत ही मोजणी होते. ती सुरू कुठून झाली माहितीये? २००९ मध्ये, इथल्या युनायटेड वे या सेवाभावी संस्थेने केली. मॉरिस काउंटीतून. राज्यातल्या सधन काउंटीतच ती काढावी लागली, कारण पाच टक्क्यांच्या आकड्यात आणि पँट्रीच्या रांगेत मेळ बसेना.

मुक्कामपोस्ट_जर्सी

ओसरीताई, पळवाटेचं मला खरंच माहीत नव्हतं. तेवीस वर्षं म्हणजे आम्ही घर घेतलं तेव्हाही ते चालू होतं. यावर विचार करतोय.

वर्ग भरण्याचा मुद्दा मात्र मला अजून पटलेला नाही. एका शाळेचं उदाहरण सगळ्यांना लागू होत नाही. आणि एक सरळ प्रश्न: या तीनशे घरांत नेमकं कोण राहायला येणार? बोर्डाने ते धड सांगितलंच नाही.

ओसरी

बोर्डाने सांगितलं नाही, हे अगदी बरोबर. मी कागद मागवून वाचले.

तीनशेपैकी परवडणारी साठ. बाकीची बाजारभावाची, बिल्डरला तीच परवडतात म्हणून तो बांधतो. त्या साठांसाठी मर्यादा ठरलेली असते: त्या भागातल्या मधल्या मिळकतीच्या निम्म्यापर्यंत ती 'कमी', निम्मे ते ऐंशी टक्के ती 'मध्यम', आणि तीस टक्क्यांच्या आतली 'अतिकमी'. कायद्याने किमान तेरा टक्के घरं अतिकमीवाल्यांना. साठातली आठ. म्हणजे दारिद्र्यरेषेच्या आसपासची कुटुंबं, आणि जोंधळाच्या काकू, आल्या तर त्या आठांत. बाकी बावन्नांत शाळेतल्या मदतनीस, नर्सिंग होममधल्या आया, फार्मसीतली मुलं. आपल्या मुलांना रोज दिसणारी, आणि संध्याकाळी काउंटीबाहेर जाणारी माणसं.

वर्गांचा तुमचा प्रश्न रास्त आहे. शाळेत जागा किती शिल्लक आहे ते बोर्डाकडून लेखी मागूया. तुम्ही विचारलंत तर जास्त वजन पडेल, कारण तुम्ही विरोधातले.

पुढची बैठक गुरुवारी साडेसातला. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. मी नाव दिलंय. आमच्याकडे येणाऱ्या बाईंना विचारलं, येता का म्हणून. त्या म्हणाल्या, यायला आवडलं असतं, पण बैठक संपेपर्यंत घरी जायची गाडी राहील की नाही ते बघावं लागेल.

जोंधळा

मी येतेय. माझी गाडी आहे, बैठकीनंतर त्यांना ईस्ट ऑरेंजला सोडेन. त्यांना कळवा.